सराफाचा कान

नाणी बदलून देणं हा एक धंदा होता, असं आजच्या माणसांना सांगितलं तर ती हसतात. माझी धाकटी सून परवा म्हणाली, "म्हणजे लोक तुम्हाला रुपया द्यायचे आणि तुम्ही त्यांना रुपयाच परत द्यायचात? आणि एवढ्यावर घर चालायचं?" म्हटलं, "चालायचं. दोन वेळा आमटी-भात आणि सणाला पुरण." तिला ही शुद्ध लबाडी वाटली. तिचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला 'सराफीतल्या गमतीजमती लिहा' असं कळवलं आहे. गमती आहेत, त्या लिहितो. पण एक गोष्ट अशी आहे की ती गमतीत बसत नाही आणि तिला वगळून बाकीचं लिहायला बसलं की माझा हात चालत नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनी दोन्ही सोसावं.

आमचं घर चौलला, सुपारीच्या वाडीत. दुकान रेवदंड्याच्या बाजारात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. दुकान म्हणजे काय, एक गादी, एक लाकडी पेटी, एक लहान तराजू आणि गादीपुढे जमिनीत पुरलेला एक काळा गुळगुळीत दगड. गादीवर माझे वडील बसायचे. गाव त्यांना बाळशेट म्हणायचं, मी बाबा म्हणायचो. मॅट्रिकला दोनदा आपटल्यावर तिसऱ्यांदा फी भरायला त्यांनी नकार दिला आणि मला शेजारी बसवून घेतलं. ते साल वीस-एकवीस असेल. पुढची पंधराएक वर्षं आम्ही बापलेक त्या एका गादीवर बसलो.

धंदा सोपा होता. त्या काळी रुपया चांदीचा. राणीच्या तोंडाचा तो राणीछाप, तिच्या मुलाच्या टकलाचा तो बोडका, आणि नातवाचा मुकुटवाला. सरकारच्या लेखी तिघांची किंमत एकच, पण लोकांना राणीछापाचं वेड. लग्नात द्यायला, बाळंतिणीला न्यायला राणीच हवी. मग बोडका घेऊन यायचे आणि वर पैसा-दोन पैसे देऊन राणी घेऊन जायचे. कुणाला रुपयाची मोड हवी असे, कुणाला मोडीचा रुपया. कुणाला नोट नकोशी होई, विशेषतः कोळणींना, कारण टोपलीखाली हात ओला आणि नोट ओली झाली की तिचा लगदा. म्हसळा-श्रीवर्धनकडचे खलाशी मुंबईहून बोटीनं उतरत, त्यांच्या कनवटीला जगभरची नाणी असत. ती सगळी आम्ही घ्यायची, वटाव कापायचा, म्हणजे बदलून दिल्याबद्दलचे पैसे काढून ठेवायचे, आणि चालू रुपये द्यायचे. परदेशी नाणी मग मुंबईला पाठवायची. त्या वटावावर आमची आमटी.

म्हसळ्याचा एक इब्राहिम खलाशी होता. आफ्रिकेच्या बंदरांतून तो मधोमध भोक असलेली नाणी आणायचा, सुतळीत ओवून, करगोट्यासारखी कमरेला बांधून. बाबा ती मोजायला लागले की तो बजावायचा, "शेट, भोक हाय म्हनून भाव पाडू नका. भोक माज्या बायकोनं न्हाय पाडलं, तितल्या सरकारनं पाडलंय." बाबा म्हणायचे, "मग सरकारलाच विचारतो, आतला तुकडा कुठं ठेवला म्हणून." दर खेपेला तेच बोलणं आणि दर खेपेला दोघं मनापासून हसायचे. एकदा त्यानं कुठल्याशा बंदरातून पिवळंधमक नाणं आणलं. सोन्याची गिनी समजून छातीशी धरून आणलेली, आणि निघाली जुगाराच्या अड्ड्यावरची पितळी सोंगटी. बाबांनी ती हातात घेतली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "इब्राहिम, ही विकू नकोस. नातवाला खेळायला दे." तो बराच वेळ पायरीवर बसून राहिला. मग उठून म्हणाला, "अल्लानं नातू तरी दिलाय," आणि गेला.

आता या धंद्यातली खरी विद्या म्हणजे खरं-खोटं ओळखणं. खोटा रुपया कथील, शिसं, जस्त असलं काहीबाही वितळवून साच्यात ओततात. तो बोटाला साबणासारखा लागतो, काठावरच्या रेघा पुसट असतात, वजनाला हलका भरतो. पण गर्दीच्या वेळी प्रत्येक रुपया कोण तोलत बसणार? तिथं कान लागतो. खरा रुपया दगडावर टाकला की खणकन वाजून वर उडतो आणि आवाज थोडा वेळ हवेत राहतो. खोटा बद्द वाजतो आणि तिथंच बसतो. मधल्या पायरीचेही पुष्कळ असतात. चांदी आहे पण भेसळीची, नाणं खरं पण आतून चिरलेलं. हे सगळं नुसत्या आवाजावरून सांगायचं. बाबांनी मला वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसवलं. मागून ते रुपये टाकायचे आणि मी सांगायचं. चुकलो की म्हणायचे, "पुन्हा मॅट्रिकला बसतोस का?"

त्यांचा स्वतःचा कान म्हणजे काय सांगावं. समोर गिऱ्हाइकाशी बोलत असले आणि शेजारच्या किराणा दुकानात कुणी फळीवर रुपया टाकला तरी त्यांना कळायचं. तो किराणावाला मारवाडी गल्ल्यात टाकण्यापूर्वी आमच्याकडे मान वळवून बघायचा. बाबा बोलण्यात खंड न पाडता नुसती मान हलवायचे. त्या मानेवर बाजार चालायचा. आगरी लोक मिठाचे पैसे घेऊन यायचे, ते रुपये गादीवर ओतून शांतपणे विडी ओढत बसायचे. बाळशेटनं वाजवला म्हणजे वाजला, असं म्हणायची पद्धतच होती. सराफाची इस्टेट म्हणजे त्याचा कान. पेटीतला पैसा लोकांचा असतो.

खोटा निघाला तर काय करायचं याचा रिवाज ठरलेला होता. छिन्नी लावून त्याचे जागच्या जागी दोन तुकडे करायचे आणि गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचे. म्हणजे तो पुन्हा बाजारात फिरत नाही. नुकसान ज्याच्या हातात सापडला त्याचं. बाबांनी छिन्नी माझ्याकडे दिली होती, आणि खरं सांगतो, ती चालवायला मला आवडायचं. पायरीवर चार माणसं उभी असावीत, घाटावरचा एखादा जाडजूड व्यापारी असावा, त्याचा रुपया बद्द वाजावा, आणि मी एक अक्षर न बोलता छिन्नी उचलावी. माणसं माना डोलवायची. मला मोठा न्यायाधीश झाल्यासारखं वाटायचं. बाबा एकदा म्हणाले, "दामू, जरा हळू मार. अख्ख्या बाजाराला ऐकू जातं." मी म्हटलं, "जायलाच पाहिजे. म्हणजे धाक राहतो." त्यांनी पुढचा रुपया उचलला.

खोट्या रुपयांचा सगळ्यात जास्त मारा कोळणींवर व्हायचा. त्याचं कारण सरळ आहे. होड्या लागल्या की किनाऱ्यावर झुंबड उडते. माल नासायच्या आत खपला पाहिजे. घाटावरून आलेले दलाल घाई करतात, रुपये टोपलीत फेकतात आणि गाडी हाकतात. बाईचे हात ओले, मिठानं फुटलेले, त्यांना साबण कळत नाही की रेघ कळत नाही. ओल्या वाळूत रुपया खरा असो की खोटा, वाजत नाही. घरी जाऊन टोपली धुतली की मग रुपये दिसायचे, आणि ते घेऊन त्या आमच्याकडे यायच्या. त्यांच्या रुपयांना मांदेलीचे, बोयटाचे खवले चिकटलेले असत. बाबा आधी ते रिठ्याच्या पाण्यात टाकून ठेवायचे, मग पुसून वाजवायचे. ही त्यांची एक सवय. खवला असला की आवाज बदलतो म्हणायचे.

आता कुसुमच्या लग्नाकडे येतो. इथवर मी रमतगमत आलो कारण पुढं यायची इच्छा नव्हती.

कुसुम माझी धाकटी बहीण. तीस-बत्तीस सालच्या मंदीनंतरचे ते दिवस. सोन्याचा भाव चढलेला, लोक अंगावरचं उतरवून विकत होते. आमचाही हात आखडलेला होता. तशात माणगावचं स्थळ आलं. व्याही रामशेट, तेही सराफच. माणगावच्या बाजारात त्यांची पेढी, आमच्यापेक्षा चौपट मोठी. त्यांनी मुलगी बघितली आणि म्हणाले, "बाळशेटच्या घरची मुलगी म्हणजे पारखून घ्यायला नको." एवढंच. देण्याघेण्याचा फारसा हट्ट केला नाही. फक्त त्यांच्या म्हाताऱ्या आईनं निरोप पाठवला की मानाची म्हणून एक थैली तरी मांडवात द्यावी, आणि ती चांदीची असावी, नोटा नकोत.

बाबांनी त्याची तजवीज केली होती. मुकुटवाल्या राजाचे नवेकोरे रुपये एका पांढऱ्या थैलीत बांधून आईकडे दिले होते. मला ते पसंत नव्हतं. समोर सराफाचं घर आणि आम्ही बाजारात कुणालाही मिळतील असे रुपये द्यायचे? राणीछाप द्यायला हवेत, तेही जुने, ठसठशीत, की माणगावकरांनी बघत राहावं. आणि तसे रुपये घरात होते, असं मी धरून चाललो होतो. आमच्या देवघरात लक्ष्मीच्या तसबिरीमागे एक पितळी डबा असे. दर लक्ष्मीपूजनाला बाबा स्वतः त्यात एक राणीछाप टाकायचे, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. त्या डब्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही आणि त्यातलं नाणं कधी दगडावर वाजवायचं नाही, असा घरचा नियम. लक्ष्मीची परीक्षा घेतली तर ती उठून जाते म्हणायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या लक्ष्मीची परीक्षा घेणाऱ्या घरात एवढी एक जागा तशी ठेवलेली.

लग्नाच्या दिवशी बाबा व्याह्यांना आणायला वेशीपर्यंत गेले होते. मी देवघरात शिरलो आणि डबा उघडला. वर पूजेचे पाच-दहा रुपये सुटे होते, आणि त्यांच्याखाली एक लाल खणाची थैली, तोंड दोऱ्यानं शिवलेलं. मला वाटलं, जमले की बाबा थैलीत शिवून ठेवत असतील. उचलली. हाताला थोडी हलकी लागली. दुसऱ्या कुणाची असती तर मी तिथंच थांबलो असतो. पण लक्ष्मीची, म्हणून मी ती हातात तोललीसुद्धा नाही. तराजूवर जन्म काढलेल्या माणसानं हे केलं. देवाला हात जोडले, बाबांना मागून सांगू म्हटलं, आणि थैली घेऊन मांडवात आलो.

मांडव वाडीतच घातला होता. पुढे दोन्हीकडची मंडळी, मागे सुपारीच्या झाडांकडेला आमची गिऱ्हाइकं. बाबांनी झाडून सगळ्यांना बोलावलं होतं. आगरी होते, इब्राहिम नव्या फेज टोपीत आला होता, आणि पंधरावीस कोळणी नेसून-सवरून, डोक्यात आबोलीचे वळेसर माळून एका रांगेत बसल्या होत्या. मुहूर्ताला थोडा वेळ होता. गुरुजींनी सांगितल्यावर मी पुढे होऊन लाल थैली रामशेटांच्या हातावर ठेवली आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्या देवघरातली राणी आहे."

बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी थैली बघितली. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं त्यांना घेरी येतेय. "दामू," एवढंच म्हणाले. हात पुढे केला, पण रामशेटांनी तोवर शिवण उसवली होती.

रामशेटांच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. सराफाच्या हातात रुपया आला की तो आपोआप अंगठ्याच्या नखावर जातो. त्यांनी एक रुपया उडवला आणि कानाशी झेलला. मग दुसरा. मग तिसरा जरा थांबून. त्यांनी वर बघितलं नाही. थैलीचं तोंड धरून ते नुसते बसून राहिले. त्यांना तो प्रकार तिथंच मिटवायचा होता, हे मला आज दिसतं. पण नवऱ्यामुलाचे मामा शेजारी बसले होते. त्यांनी एक रुपया उचलला, पाटाच्या कडेवर आपटला आणि म्हणाले, "अहो, हे खोटे आहेत." सनईवाला आपण होऊन थांबला.

मांडवातून वरात परत फिरली तर त्या मुलीचं पुढं काय व्हायचं, हे त्या काळी कुणाला सांगावं लागत नसे. कुसुम आत अष्टपुत्री नेसून बसली होती आणि तिला सगळं ऐकू जात होतं. मामा उठून उभे राहिले. "सराफाच्या घरची थैली आणि त्यात कथील? आमची परीक्षा बघता की काय?"

आता माझं ऐका. मी थैली ओढून घेतली, चार-पाच रुपये घराच्या पायरीच्या दगडावर टाकले. सगळे बद्द. एकाच्या काठाला, रिठ्याच्या पाण्यातही न सुटलेला, वाळलेला खवला चिकटलेला होता. तो मी नखानं काढला आणि सगळ्यांना दाखवला. मला एकदम सगळा उलगडा झाला, आणि तो अर्धा बरोबरही होता. मी ओरडून म्हटलं, "हे आमच्या दुकानचे नाहीत. हा खवला बघा. हे कोळणींचे रुपये आहेत. बाबांचा स्वभाव गरीब, त्यांना भोळं बघून ह्या बाया त्यांच्या गळ्यात मारत आल्या. वर्षानुवर्षं फसवलंय त्यांना." आणि बोट दाखवलं, त्या रांगेकडे.

 मग त्या रांगेतून हिराय उठली. हिराय म्हणजे थेरोंड्याच्या कोळीवाड्यातली म्हातारी, नवरा वादळात गेलेला, सुक्या बोंबलाच्या टोपलीवर तीन पोरं वाढवलेली. सबंध मांडव ओलांडून ती पुढे आली. पदर सावरला आणि रामशेटांना म्हणाली, "शेट, त्यातला यक रुपया माजा हाय. कदाचित दोन असतील. मना ठाव व्हतं तो खोटा हाय. बालशेटला बी ठाव व्हतं. त्यांनी मना दुसरा दिला, आन हा ठेवून घेतला. त्यांचा काय बी दोष न्हाय. पोरीचं लगीन मोडू नका."

तिच्यामागे आणखी दोघीतिघी उठायला लागल्या. एवढ्या माणसांसमोर, आपण खोटा रुपया नेऊन दिला हे सांगायला. ज्यांचा सगळा व्यवहार तोंडच्या शब्दावर चालतो त्यांना हे सांगणं काय पडतं, ते मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

बाबा मध्ये आले. हात जोडून त्यांनी हिरायला थांबवलं. "हिराय, बस खाली. तुझा रुपया खरा होता. तुमचे सगळ्यांचे खरे होते. मी स्वतः वाजवून घेतलेत." मग व्याह्यांकडे वळून, खालच्या पण स्पष्ट आवाजात म्हणाले, "रामशेट, चूक माझी आहे. दोन-चार वर्षं झाली, मला नीट ऐकू येत नाही. कान गेलाय माझा. कुणाला बोललो नाही, धंदा बसेल म्हणून. कुणाकडून आलेत ते मला सांगता यायचं नाही. ह्या बायांचा काही संबंध नाही."

सगळा बाजार मांडवात होता. किराणावाला मारवाडी होता, आगरी होते, व्यापारी होते. त्यांच्यासमोर बाळशेट म्हणाले की माझा कान गेला. मला माहीत होतं की हे खोटं आहे. आदल्याच दिवशी त्यांनी शेजारच्या दुकानातली चिरलेली पावली ऐकून मान हलवली होती.

रामशेट उठले. त्यांनी माझ्या हातातून थैली घेतली, पायरीवरचे रुपये स्वतः वाकून गोळा केले, आत टाकले, आणि तोंड बांधून कमरेला खोवली. मामांना म्हणाले, "थैली पोचली. मुहूर्त चुकवू नका." मामा काही बोलायला गेले तर म्हणाले, "घर माझं आहे, सून माझी आहे." सनई सुरू झाली. बाबांना मिठी मारताना ते त्यांच्या कानाशी हळूच बोलले. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. म्हणाले, "माझ्याकडेही आहेत, बाळशेट. पण इतके नाहीत हो."

कुसुमचं लग्न लागलं. सुखाचं झालं, आणि ती मला कधी टाकून बोलली नाही. इब्राहिम जेवून गेला. कोळणी पंगतीला थांबल्या नाहीत. आई नारळ घेऊन त्यांच्यामागे वेशीपर्यंत धावली, तर "पाणी भरायची येल झाली" म्हणून निघून गेल्या. आणलेले खण त्यांनी कुसुमच्या पाटाशी ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांसमोर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते सुचेना, तेव्हा धंद्याचंच विचारलं. "मोडून का नाही टाकलेत ते?" ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "मोडले की आवाज होतो. त्या बाईच्या हातावर दोन तुकडे ठेवायचे, आणि तिनं त्यांचं काय करायचं? तिचं मीठ त्याच रुपयाचं, तांदूळ त्याच रुपयाचे. तसाच परत दिला असता तर तिनं तो दुसऱ्या कुणा गरिबाला खपवला असता. मग मी घेतला. वटावाच्या पैशातून भागत होतं." मी म्हटलं, "मला सांगायचं तरी." त्यावर त्यांनी दुसरी सुपारी उचलली. म्हणाले, "तू त्या वेळी बोटीवर असायचास." ते खरं होतं. कोळणी यायच्या सुमाराला ते मला रोज धक्क्यावर काही ना काही कामाला पाठवत. मला वाटे, आपल्यावर विश्वास टाकतात. "आणि देवघरात का ठेवलेत?" असं मी विचारलं. "दुसरीकडे कुठं ठेवणार? तिथं तू हात घालणार नाहीस असं वाटलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. एक मुस्कटात दिली असती तरी चाललं असतं, बायकोपोरांचा धनी असलो तरी. त्यांनी कातरलेली सुपारी माझ्यापुढे केली. मी घेतली. मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं आणि मी सुपारी चघळत होतो.

मी पुष्कळदा स्वतःची समजूत घालून बघितली आहे. मी खोटं काय बोललो? रुपये खोटे होते. ते कोळणींचेच होते. बाबांनी ते घेतले होते. त्या मांडवात हिराय आणि मी, आम्ही दोघंच खरं बोललो. पण ती तिचं स्वतःचं खरं बोलली, आणि ते सांगायला मांडव ओलांडून आली. मी दुसऱ्यांचं बोललो, आणि तेही स्वतःची अब्रू वाचावी म्हणून. कुसुमचं लग्न त्या वेळी माझ्या डोक्यातही नव्हतं. दुकानाचं नाव होतं, छिन्नी घेऊन बसणाऱ्या माझं नाव. हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही, आणि आता लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतं.

मी थेरोंड्याला गेलो होतो, तेही सांगतो. हिराय बोंबील वाळत घालत होती. मी पायाशी वाकलो तर मागे सरली. "शेट, तुमी असं करू नका, लोक बगतान," म्हणाली. तिनं मला बसायला पाट दिला, गूळपाणी दिलं, मुलांची चौकशी केली. मी म्हटलं, "हिराय, दुकानात येत जा." ती म्हणाली, "आता बालशेट कुठं बसतान थितं?" आणि परत काठीवर बोंबील घालायला लागली.

ते बसत नव्हते हे खरंच. कान गेलेला सराफ गादीवर बसला तर बाजार त्याच्याकडचा रुपया घेत नाही. त्यांनी ते बोलताना पुरतं ओळखलं होतं. लग्नानंतर बाजार उघडला त्या सकाळी ते माझ्याबरोबर दुकानापर्यंत चालत आले. शेजारच्या मारवाड्यानं त्यांना बघितलं आणि लाजेनं दुसरीकडे मान फिरवली. बाबा गादीवर चढले नाहीत, पायरीवरच उभे राहिले. पेटीची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "आता तूच बस. तुझा कान चांगला आहे. एकही खोटा रुपया आत यायचा नाही."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. ते तसेच मागे फिरले आणि वाडीच्या रस्त्याला लागले.

पुढे कित्येक वर्षं मी ते दुकान चालवलं. बाबा म्हणाले तसंच झालं, एकही खोटा रुपया आत आला नाही. ज्या बाया ते घेऊन यायच्या, त्या आमच्या दारावरून टोपल्या घेऊन रोज जायच्या. पायरीवर कुणी चढली नाही.